हे इथे का आहे?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. परवा रात्री एक वाजला तरी सूनबाई लॅपटॉपसमोर. तिची कंपनी चाकणच्या एका कारखान्यासाठी ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहिते. "एवढं काय गं चाललंय?" विचारलं, तर म्हणाली, "आई, सोमवारी ऑडिट आहे. ट्रेसेबिलिटी भरतेय."

मला संगणकातलं फारसं कळत नाही, पण तिने एक्सेलचा तक्ता दाखवला. डावीकडे ग्राहकाची प्रत्येक मागणी, तिला क्रमांक. पुढच्या रकान्यांत ती आराखड्यात कुठे आली, प्रोग्रॅमच्या कुठल्या भागात उतरली आणि कोणत्या चाचणीने तपासली. मोटारींच्या सुरक्षेचं आयएसओ २६२६२ हे मानक २०११ साली आलं, त्यातही हा माग लागतो. मागणीपासून चाचणीपर्यंत जाता यायला हवं, आणि उलट परतही.

अहो, हा तर आमचा संविधान तक्ता! आधी घटक, उद्दिष्टं, गुण मांडायचे, मग प्रश्न काढायचे. बीएडला असंच शिकवतात. प्रत्यक्षात पेपर आधी, तक्ता मागाहून. मीही तेच केलंय. एका सहामाहीला न शिकवलेल्या धड्यावरचा आठ गुणांचा प्रश्न माझ्याच हातून गेला. तक्ता मात्र व्यवस्थित जुळला होता! पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, हे कधी शिकवलं?" अजून विसरले नाही. मागाहून भरलेला तक्ता आपल्या चुकीच्या बाजूनेही साक्ष देतो.

४ जून १९९६ ला युरोपचं एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं. प्रोग्रॅमचा एक भाग आधीच्या एरियान ४ मधून तसाच उचलला होता. उड्डाणानंतर नव्या रॉकेटला त्याचा काही उपयोग नव्हता, तरी तो चालू राहिला. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, तो आकडा ठरलेल्या जागेत मावला नाही आणि दिशा सांगणारी यंत्रणाच बंद पडली. "हे इथे का आहे?" हे वेळीच विचारायला हवं होतं.

सूनबाईचं म्हणणंही खोटं नाही. "आई, मागण्या रोज बदलतात. दर वेळी तक्ता सुधारायचा तर काम कधी करायचं? आणि त्याचा उपयोग माझ्यानंतर येणाऱ्याला!" खरं आहे. कष्ट एकाचे, फायदा दुसऱ्याचा. म्हणूनच मला वाटतं, त्यासाठी लागणारा वेळ वेळापत्रकातच धरावा, आदल्या रात्रीवर टाकू नये. आणि सगळ्याचाच माग नको, पण जिथे जीव अडकतो तिथे हवाच. १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. म्हणजे नाशिक फाट्यावर करकचून ब्रेक दाबणाऱ्या पोराचा जीव आता प्रोग्रॅमच्या ओळींवरही आहे.

असो. ऑडिट पार पडलं. मी एवढंच विचारलं, "भरताना एखादा रकाना रिकामा सापडला का?"

जरा थांबून म्हणाली, "दोन. दोन मागण्यांना चाचणीच नव्हती."

आदल्या रात्री का होईना, सापडले. पण नुसता जुळवायचा म्हणून जुळवला असता तर?

या क्षेत्रातल्या भाचे-पुतण्यांनो, तुमच्याकडे हा तक्ता कधी भरतात? खरं खरं कळवा. बाई रागावणार नाहीत!