लिलावातील सचोटी

ज्याचे तोंड कधी पाहिले नाही त्याच्याकडून माल घ्यावयाचा, तर विश्वासाला काही आधार हवा. १९९५ साली अमेरिकेत निघालेल्या 'ईबे' या संगणकीय लिलावगृहाने १९९६ मध्ये तो आधार ग्राहक व विक्रेता यांच्या परस्परांविषयीच्या जाहीर अभिप्रायांत शोधला. कल्पना उत्तम होती; परंतु ग्राहकाने तक्रार नोंदवावी आणि विक्रेत्याने सूड म्हणून त्यालाच दूषण द्यावे, असे घडू लागताच सत्याची जागा भीतीने घेतली. अखेर २००८ साली विक्रेत्याचा प्रतिकूल अभिप्राय देण्याचा अधिकारच काढून घेण्यात आला.

टपालखर्चाची कथा अधिक बोधप्रद आहे. दलाली केवळ विक्रीच्या किमतीवर आकारली जाई. म्हणून काही विक्रेते किंमत नाममात्र ठेवून टपालखर्च भरमसाट लावीत. २००७ पासून ग्राहक या खर्चालाही गुण देऊ लागले. पण लबाडीच्या मुळावर घाव बसला तो २०११ मध्ये, टपालखर्चावरही दलाली बसली तेव्हा.

निंदेच्या भयापेक्षा नियमांची नेटकी रचनाच सचोटीचे अधिक रक्षण करते, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र लबाड ग्राहकही असतातच. २००८ च्या निर्णयाने लहान विक्रेत्याचे तोंड बांधले गेले. तेव्हा त्याची बाजू निःपक्षपातीपणे ऐकून घेणे हे लिलावगृहाचे कर्तव्य ठरते. दलाली घेणाऱ्याला न्यायाची जबाबदारी ग्राहकांच्या अभिप्रायांवर ढकलता येणार नाही.