काटा कोणाच्या हाती?

दिवाळीच्या अंकात रेल्वेच्या कायद्याचे गुऱ्हाळ कशाला, असे कोणी म्हणेल. पण वाचकहो, आमच्या नामपूरला रेल्वे नसली तरी आमची दिवाळी रेल्वेनेच येते. मुंबई-नागपूरकडची लेकरे मनमाडला उतरतात, एस.टी. धरून मोसमकाठी पोचतात, तेव्हा कोठे घरातल्या पणतीला उजेड येतो. तेव्हा त्यांच्या जिवाचा हिशेब कोण ठेवतो, हे विचारण्याचा अधिकार आम्हांलाही आहे.

नामपूरच्या बाजारात कांदा घेणारा व्यापारी कितीही मोठा असो, त्याच्या काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का लागतो. 'माझ्या काट्यावर मीच शिक्का मारीन' असे तो म्हणाला, तर शेतकरी ट्रॅक्टर वळवून घरी नेईल. कांद्याला लावलेला हा न्याय माणसाला का नको?

१९०५ चा रेल्वे बोर्डाचा कायदा १९८९ च्या रेल्वे कायद्यात विलीन करणारे विधेयक लोकसभेने ११ डिसेंबर २०२४ रोजी, तर राज्यसभेने १० मार्च २०२५ रोजी संमत केले. बोर्डात सभासद किती असावेत, त्यांची पात्रता काय असावी, हे ठरविण्याचा अधिकार सरकारकडे आला. केंद्राचे नियंत्रण वाढेल म्हणून विरोधकांनी हरकत घेतली. सरकारने कारभार सुधारेल असे सांगितले. खुर्च्यांचा खल झाला, पण काट्याचे काय? स्वतंत्र नियामक नेमावा, अशी शिफारस बिबेक देबरॉय समितीने २०१५ सालीच केली होती. २०१७ साली मंत्रिमंडळाने रेल्वे विकास प्राधिकरणाला मान्यता दिली, तीही केवळ सल्ला देण्यापुरती!

'अहो, रेल्वे सुरक्षा आयुक्त आहेतच की!' असे उत्तर मिळेल. आहेत, आणि त्यांचे काम मोलाचे आहे. तपासणारा व तपासला जाणारा एका छपराखाली नसावा, एवढे शहाणपण परकीय सरकारलाही सुचले. म्हणून १९४१ साली ही तपासणी रेल्वे बोर्डापासून वेगळी काढली गेली. आज ते आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहेत. नवा मार्ग प्रवाशांसाठी खुला करण्यापूर्वी ते तो पाहतात, मोठ्या अपघाताची चौकशी करतात. परंतु येतात बहुधा रेल्वेच्याच सेवेतून, आणि त्यांची शिफारस मानायची की नाही, हे रेल्वेच ठरविते. याला पंच म्हणावे की पाहुणा?

बालासोरचा अपघात २ जून २०२३ रोजी झाला. सिग्नलच्या जोडणीतील चुका चौकशीत उघड झाल्या; पण तोवर दोनशे नव्वदांहून अधिक घरांतले दिवे विझले होते. आमच्या शेजारी, पाचोरा तालुक्यात, २२ जानेवारी २०२५ रोजी आगीच्या अफवेने पुष्पक एक्सप्रेसमधून उतरलेली माणसे दुसऱ्या गाडीखाली सापडली. निदान बारा जण गेले. प्रेतांपुढे चौकशीचे कागद वाचून काय होणार?

माझे मागणे साधे आहे. आयुक्तांना थेट संसदेपुढे उभे करा. त्यांचा प्रत्येक अहवाल लोकांना वाचू द्या. शिफारस फेटाळायची असेल, तर ठरलेल्या मुदतीत लेखी कारण द्या.

मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या मार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली आहे. तो मालेगावावरून जायचा आहे, म्हणजे रेल्वे आमच्या उंबऱ्याशी येणार. तिचे स्वागत आम्ही तोरण बांधून करू. पण गाडीबरोबर काटाही येऊ द्या. आणि त्यावरचा शिक्का तेवढा गाडीवाल्याचा नसावा.