बारा जणांची यादी

जून उजाडला की आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक कॉलेजात एक प्राध्यापक हळूच ऑफिसमध्ये जाऊन प्रवेश अर्जांचा गठ्ठा चाळतो. टक्के बघायला नव्हे. शाळेचं नाव, गावाचं नाव आणि जमलंच तर फोटोतले खांदे बघायला. हा गृहस्थ म्हणजे जिमखान्याचा प्रमुख. त्याला ऑगस्टपर्यंत कबड्डीचा संघ उभा करायचा असतो. बारा नावं. सात मैदानात, पाच बाहेर. टीवायचे चार-पाच गेलेले असतात, एसवायच्या एकाला गोव्यात नोकरी लागलेली असते, एकाचा गुडघा गेलेला असतो. उरलेल्या जागा या गठ्ठ्यातून भरायच्या.

मोठ्या शहरातल्या कॉलेजांना हा प्रकार गमतीचा वाटेल. तिथे खेळाडू शोधून आणतात, फी माफ करतात, राहायची सोय करतात. आमच्याकडे मालवण, कणकवली, कुडाळ, वेंगुर्ला, देवगड, वैभववाडी... कुठल्याही कॉलेजात संघ शोधला जात नाही, तो येतो. म्हणजे जो आला तो संघ. सावंतवाडीचं पंचम खेमराज जरा जुनं आणि मोठं, पण तिथेही चित्र फार वेगळं नसावं. दारात आलेल्या पोरांतून निवड करायची आणि विद्यापीठाच्या कोकण विभागाच्या स्पर्धेला जायचं.

आता जरा आकडे. (घाबरू नका, दोनच आहेत.) २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार होती, २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजारांवर आली. महाराष्ट्राची एकूण लोकसंख्या वाढत असताना आम्ही घटलो. दुसरा आकडा, हजार पुरुषांमागे १०३६ बायका. याचं आपण कौतुक करतो आणि ते काही अंशी खरंही आहे, पण त्यामागे हेही आहे की पुरुष मुंबईला आहेत. त्यात दहावी-बारावीच्या निकालात आमचं कोकण मंडळ दरवर्षी राज्यात पहिलं. म्हणजे मुलं कमी, त्यातली बहुतेक पास, आणि पास झालेली बरीचशी मुंबई, पुणे, कोल्हापूर, गोव्याच्या गाडीत. संघनिवड सुरू होण्याआधीच अर्धा संघ कोकण रेल्वेने गेलेला असतो.

गंमत म्हणजे सिंधुदुर्गातली ही कॉलेजं मुंबई विद्यापीठाचीच. त्यामुळे कुडाळचा पोरगा परळच्या कॉलेजात गेला तरी खेळतो त्याच विद्यापीठात, फक्त विभाग बदलतो. पुढे आंतरविभागीय सामन्यात तोच समोर येऊन आपल्याच गावच्या दोस्ताची पकड करतो. आणि प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडतं, "अरे, तो आपलोच मां रे!"

मुंबईला जाणाऱ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मुंबईची कबड्डी उभी केली ती आपल्याच लोकांनी. लालबाग, परळ, नायगाव, प्रभादेवीच्या मंडळांत गिरणीत घाम गाळून संध्याकाळी मैदानात उतरणारे कोकणातलेच तर होते. तिथून रेल्वेत, भारत पेट्रोलियममध्ये, महिंद्रात, बँकेत नोकरी. पोरगा चांगला खेळला की घर उभं राहायचं, हा हिशेब आपल्या दोन पिढ्यांनी पाहिला आहे. आता त्या हिशेबातले रकाने कमी होत चाललेत, हे मात्र कुणी पोरांना सांगत नाही. देना बँक २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली. एअर इंडिया २०२२ ला टाटांकडे गेली. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण २००५ पासून आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्र कुठल्या पातळीचं हवं हे बघायला गेलं की तालुक्याच्या ढाली घरात शोभेला राहतात.

मग २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली. आंबोलीच्या पलीकडे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई २०१९ च्या लिलावात १ कोटी ४५ लाखांना गेला. चंदगड म्हणजे आपल्या शेजारचा तालुका हो! त्या वर्षी आमच्याकडच्या प्रत्येक चढाईपटूने मनातल्या मनात आपली किंमत लावून पाहिली असणार. २०१७ पासून संघ आठाचे बारा झाले आणि नव्या, कोवळ्या खेळाडूंसाठी वेगळी दारं उघडली. चांगलंच झालं. पण ज्या वयात ही दारं उघडतात तेच कॉलेजचं वय. त्यामुळे वीस वर्षांच्या पोराच्या डोक्यात एसवायची परीक्षा आणि निवड चाचणी यांची झुंज लागते, आणि कोण जिंकतं ते सांगायला नको.

हे सगळं दूरचं. मला ज्याबद्दल बोलायचं आहे ते अगदी जवळचं आहे. कागदावरचा विद्यार्थी.

म्हणजे असं की विद्यापीठाच्या स्पर्धेत पंचविशीच्या आतला खेळाडू चालतो. मग एखाद्या मंडळाचा तेवीस-चोवीस वर्षांचा, चार जिल्ह्यांत स्पर्धा खेळून तयार झालेला गडी शोधायचा, त्याला एफवायला नाहीतर एमएच्या पहिल्या वर्षाला नाव घालायला लावायचं, फी कुणीतरी भरायची. हा विद्यार्थी वर्गात दिसत नाही, ग्रंथालयात दिसत नाही, थेट ओळखपत्र गळ्यात घालून सामन्याच्या दिवशी दिसतो. आमच्याच भागातल्या एका कॉलेजाने (नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील) काही वर्षांपूर्वी असे तीन जण आणले. ढाल मिळाली. पेपरात फोटो आला. पुढच्या वर्षी तिघेही नव्हते आणि ज्यांना त्या तिघांसाठी बाकावर बसवलं होतं ती गावातली पोरं रागावून आधीच सोडून गेली होती. त्या वर्षी त्या कॉलेजचा संघच उतरला नाही.

यावर लोक म्हणतात, नियमात बसतं ना? बसतं. पण मला सांगा, लहान कॉलेजच्या संघाचं काम काय? ढाल आणणं हे मोठ्या कॉलेजचं काम झालं, त्यांच्याकडे चारशे पोरांतून बारा निवडायची चैन असते. आमच्याकडे चाळीसातून बारा निवडायचे, त्यातले आठ शाळेत कधी मॅटवर उभेही राहिलेले नसतात. लाल मातीत अनवाणी खेळलेला पोरगा मॅटवर बूट घालून उतरला की पहिले पंधरा दिवस नुसता घसरतो. त्याला तीन वर्षं खेळवलं तर तिसऱ्या वर्षी तो उजवा कोपरा असा धरतो की समोरच्याला बोनसची रेषा परकी वाटावी. ही तीन वर्षं त्याला द्यायची की नाही, एवढाच प्रश्न आहे. बाहेरून आणलेला गडी एक मोसम जिंकून देतो आणि कुणाची तरी ही तीन वर्षं खातो.

अमेरिकेतल्या आपल्या नातेवाईक मंडळींना हे वाचून तिथली लहान कॉलेजं आठवतील. तिकडे बास्केटबॉलमध्ये डिव्हिजन थ्री नावाची तिसरी पायरी आहे. तिथल्या कॉलेजांना खेळासाठी म्हणून शिष्यवृत्ती देताच येत नाही. प्रशिक्षक गावोगावच्या शाळांत हिंडतो, पोराला सांगतो की पैसे देऊ शकत नाही, पण तू चार वर्षं खेळशील, बाकावर सडणार नाहीस आणि डिग्री घेऊन बाहेर पडशील. २०१८ मध्ये तिकडे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची एक सामायिक यादीच सुरू झाली आणि २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे मिळवायची मुभा मिळाली. तेव्हापासून लहान कॉलेजांनी घडवलेला खेळाडू मोठं कॉलेज सहज उचलतं, अशी तिथे ओरड आहे. म्हणजे आपलं दुखणं तिकडेही आहेच, फक्त त्यांचं दुखणं वातानुकूलित आहे. :-) पण त्या प्रशिक्षकाचं ते वाक्य मला आवडतं. तू खेळशील. आपल्याकडे हे वाक्य पोराला कुणी देतच नाही.

आणि पोरं टिकत का नाहीत याची कारणं बघायला गेलं तर ती खेळातली नसतातच. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरची पोरं घ्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर, पोरं मोकळी. जूनमध्ये सरावाला वीस-वीस जण. सर खूश. मग नारळी पौर्णिमा येते, समुद्राला नारळ अर्पण होतो, आणि सरावातली संख्या बघता बघता अकरावर येते. कारण बाप म्हणतो, होडीवर माणूस कमी आहे. पुढे रापण लागली की दोर ओढायला घरातले सगळे हात लागतात. (रापण ओढणाऱ्या पोराची मांडीची पकड कधी बघा. सुटणं नाही.) नेमक्या याच दिवसांत विभागीय स्पर्धेच्या तारखा लागतात, आणि मध्ये गणपती. गणपतीत कोकणातला संघ सरावाला बोलावणारा प्रशिक्षक अजून जन्माला यायचा आहे. त्यात पाऊस. एवढ्या पावसात मैदान म्हणजे तळं, आणि हॉल आहे कुठे? मॅट असली तरी ती गुंडाळून एका खोलीत, कारण १३ मीटर बाय १० मीटरचं मैदान मावेल एवढं छप्पर सगळ्यांकडे नसतं.

मुलींचं तर आणखीनच. खरं म्हणजे आमच्या कॉलेजांची आशा मुलींच्या संघात आहे, असं माझं मत आहे. मुलगे जातात, मुली त्या मानाने राहतात. वर्गात बघा ना, बाक कुणी भरलेत. शाळेत धावणाऱ्या, झाडावर चढणाऱ्या, डोक्यावरून पाण्याची कळशी आणणाऱ्या मुलींचा भरपूर साठा इथे आहे. पण गावाकडच्या मुलीला एसटीचा मोफत पास मिळतो तो बारावीपर्यंत. एफवायला आली की पास सवलतीत मिळतो, पण पैसे मोजावे लागतात. ते एकवेळ बाप भरतो. अडतं कुठे, तर गाडीच्या वेळेपाशी. सराव साडेचार ते साडेसहा, गावाकडे जाणारी वस्तीची गाडी सातला. ती चुकली तर दुसरी नाही. आणि बाप विचारतो, "सर, चेडू रातचा घराक येतला कसा?" या प्रश्नाला सरांकडे उत्तर नसतं. चांगल्या मध्यरक्षक मुली मी या एका प्रश्नापायी घरी बसलेल्या पाहिल्या आहेत.

मुलींना पुढे आहे काय, असंही विचारतात. २०१२ ला पाटण्यात महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला. त्या संघात महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ होत्या, राज्याने तिघींना प्रत्येकी एक कोटी दिले. २०१६ मध्ये प्रो कबड्डीने महिलांसाठी तीन संघांची छोटी स्पर्धा घेतली, पुढच्या हंगामात ती दिसली नाही. म्हणजे मुलींचा लिलाव नाही, भाव नाही. याचा एक उलटा फायदा असा की त्यांना कागदावर आणायला कुणी जात नाही. ज्या मुलींच्या संघात येतात त्या खरोखर त्या कॉलेजच्या विद्यार्थिनी असतात आणि तिन्ही वर्षं राहतात. मला विचाराल तर आमच्या तालुक्यांतले खरे कॉलेज संघ आज तेच आहेत. फक्त त्यांच्या सामन्याला प्रेक्षकांत शिपाई, सर आणि दोन मैत्रिणी.

तर जिमखान्याच्या पैशांचं काय करावं, यावर माझं म्हणणं अगदी साधं आहे. बाहेरच्या गड्याच्या फीवर आणि त्याच्या येण्याजाण्यावर जे जातात, ते सरावानंतर उकडलेली अंडी, चणे, केळी यावर घाला. आठवड्यातून तीन दिवस मुलींना गावापर्यंत सोडायला एक गाडी ठरवा, रिक्षा असली तरी चालेल. एसटीच्या आगारात जाऊन वस्तीची गाडी अर्धा तास उशिरा सोडायची लेखी विनंती करा. एकट्या सरांनी नव्हे, प्राचार्यांनी जावं, आगार व्यवस्थापक प्राचार्यांना खुर्ची देतात. होडीवाल्या बापाला ऑगस्टमध्ये नव्हे, मे महिन्यातच जाऊन भेटा आणि सामन्यांच्या तारखा सांगा, तो त्या दिवसापुरता दुसरा माणूस शोधतो. आणि आठवी-नववीच्या शाळांत जा. अकरावी-बारावी बऱ्याच ठिकाणी त्याच आवारात आहे, म्हणजे पोरगं पाच वर्षं तुमच्या डोळ्यांसमोर राहू शकतं. मुंबईच्या कॉलेजला हे कधी मिळणार नाही.

यावर एका ओळखीच्या सरांनी मला विचारलं की समजा आम्ही पाच वर्षं घालवून एखादा घडवला आणि टीवायच्या तोंडावर मुंबईच्या कुणीतरी नेला, मग? मी म्हटलं, नेऊ दे की. सर म्हणाले, "तुमचां ठीक आसा, यादी माका देवची लागता." तेही खरंच आहे. यंदाच्या यादीत त्यांची नऊ नावं झाली आहेत, तीन जागा रिकाम्या आहेत. एक बाहेरचा गडी तयार आहे म्हणे, फी भरायला माणूसही तयार आहे. सरांनी अजून होकार दिलेला नाही. परवा ते आचऱ्याच्या बाजूला एका होडीवाल्याच्या घरी गेले होते, एवढंच कळलं.