रबराच्या झाडाला कात्री लावावी काय?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत झाडांविषयींचीं पत्रें पावसाळ्याच्या तोंडाशीं वाढतात, आणि त्यांतील बरींचशीं घरांत कुंडींत वाढविलेल्या पानांच्या झाडांसंबंधीं असतात. फुलझाडाचें दुखणें फुलावरून चटकन् कळतें. पानांच्या झाडाचें तसें नाहीं. तें वर्षानुवर्षें दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत मुकाट्यानें उभें असतें. आणि एके दिवशीं कोणाच्या तरी लक्षांत येतें कीं, खालीं नुसती काठी उरली असून वर छताला टेकलेलीं चार पानें आहेत.

नाशिकच्या एका भगिनीचें पत्र याच जातीचें आहे. त्यांच्या सासूबाईंनीं जुन्या वाड्याच्या चौकांत रबराचें झाड कुंडींत लावलें होतें. पुढें वाडा पडला, तिघे भाऊ तीन घरांत राहूं लागले, आणि झाड थोरल्या भावाच्या दिवाणखान्यांत आलें. सासूबाई आतां नाहींत. झाडाच्या दोन फांद्या छताला लागून वांकल्या आहेत व खालचें खोड उघडें पडलें आहे. थोरल्या जाऊबाई म्हणतात, 'त्यांच्या हातचें झाड आहे, त्याला कात्री लावावयाची नाहीं.' धाकटे भावजी म्हणतात, 'शेंडे मारा आणि मोकळे व्हा.' पत्र लिहिणाऱ्या मधल्या सूनबाईंचा प्रश्न एवढाच कीं, छाटलें तर तें जगेल ना?

जगेल. आणि नीट रीतीनें छाटलें तर फेकून देण्यासारखें त्यांतून फारसें कांहीं निघणार नाहीं.

रबराचें हें झाड वड, पिंपळ, उंबर यांच्याच कुळांतलें. ज्या गांवांतील पंचवटीला पांच वडांवरून नांव मिळालें, त्या गांवाला या कुळाची चिवट प्रकृति सांगावयास नको. वडाची जाड फांदी तोडून जमिनींत पुरली तरी ती मूळ धरते. रबराचें झाड मूळचें ईशान्य भारताच्या व त्यापलीकडील दमट अरण्यांतलें. मेघालयांतील खासी लोक त्याचीं लोंबतीं मुळें ओढ्यावरून पलीकडे नेऊन त्यांचे जिवंत पूल तयार करतात, आणि वर्षें जातात तसतसे ते पूल अधिकच बळकट होतात. जें झाड रानांत पूल होतें, तें दहा फूट उंचीच्या खोलींत मावत नाहीं, यांत झाडाचा दोष नाहीं. (बाजारांतील रबर मात्र या झाडाचें नव्हे, तें मूळच्या ब्राझीलकडील एका निराळ्या झाडाच्या चिकापासून होतें. नांव तेवढें यालाहि चिकटून राहिलें आहे.)

छाटल्यावर झाड फुटतें कां, हें आपल्या घरांतील प्रत्येक स्त्रीला तुळशीवरून ठाऊक असतें. मंजिऱ्या वेळच्या वेळीं खुडल्या कीं तुळस घोसदार होते. तशीच सोडली कीं उंच होऊन वाळूं लागते. वाढत्या शेंड्यांत एक द्रव्य तयार होतें. शास्त्रज्ञ त्याला ऑक्सिन म्हणतात. तें खोडांतून खालीं उतरत असतां बाजूच्या डोळ्यांना झोंपवून ठेवतें. शेंडा गेला कीं हा पहारा उठतो आणि खालचे दोन-तीन डोळे जागे होतात. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांना ही व्यवस्था अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी.

नाशिकच्या आसपास तर छाटणी हा रोजच्या बोलण्यांतला शब्द आहे. युरोपांत द्राक्षवेल हिंवाळ्यांत पानें झाडून निजते, म्हणून तिची मुख्य छाटणी वर्षांतून एकदां होते. आपल्याकडील उष्ण हवेंत ती तशी निजत नाहीं. म्हणून बागाईतदार दोनदां कात्री चालवितो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळाची छाटणी. पहिलींत काडी तयार करावयाची, दुसरींत त्या काडीवर घड घ्यावयाचा. दिवाणखान्यांतील झाडाला घड नको, पान हवें; तेव्हां आपला संबंध पहिलीशींच. पण बागाईतदाराकडून उचलण्यासारखी खरी गोष्ट निराळीच आहे. कात्री चालविण्यापूर्वीं तो डोळे मोजतो. कोणता डोळा फुटावयाचा हें आधीं ठरलेलें असतें, आणि काप त्या डोळ्याच्या किंचित् वर येतो. घरांत याच्या उलट होतें. हात जेथें पोंचला तेथें कापलें जातें. दोन डोळ्यांच्या मधोमध कापलें तर वरचा तुकडा वाळतो, काळा पडतो, आणि कधीं कधीं कूज तेथून खालीं उतरते.

दुसरी गोष्ट वेळेची. मुंबईच्या दमट हवेंत चालतो तो सल्ला नाशकांत जसाच्या तसा चालत नाहीं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंच. ऐन थंडींत येथें पारा अनेकदां १० अंशांच्या खालीं जातो, आणि निफाडकडे त्याहूनहि उतरतो. त्या दिवसांत द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात, मग गॅलरींतील उष्ण प्रदेशांतल्या झाडानें काय करावें? तें वाढ थांबवून बसतें. अशा वेळीं छाटलेलें झाड मरतेंच असें नाहीं, पण महिना-दोन महिने ठोंब्यासारखें उभें राहतें, आणि त्याच काळांत घरचीं माणसें काळजीपोटीं अधिक पाणी घालून त्याचीं मुळें कुजवितात. चैत्र-वैशाखांतील कोरडी झळहि नव्या कलमाला सोसत नाहीं. तेव्हां मोठी छाटणी फाल्गुनांत, थंडी ओसरल्यावर करावी. आणि कलमें आषाढांत, हवा ओली झाल्यावर. दिवाळीनंतर वाळकीं पानें काढण्यापलीकडे कात्रीला काम देऊं नये.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींनीं शेंडे न मारतां गुटी बांधावी. मालेगांव-सटाण्याकडे डाळिंबाचीं रोपें याच रीतीनें करण्याची चाल आहे. आषाढाच्या आरंभीं प्रत्येक फांदीवर, शेंड्यापासून हातभर खालीं, अंगठ्याएवढ्या जाडीची निरोगी जागा निवडावी. तेथें एका पेराच्या लगत खालीं सालीचें सुमारें अडीच सेंटिमीटर रुंद कडें धारदार चाकूनें काढावें. पांढरा चीक वाहूं लागेल. तो ओल्या फडक्यानें टिपावा व हाताला लागूं देऊं नये, कारण कित्येकांच्या कातडीला त्यानें खाज सुटते. साल निघाल्यावर आंतल्या लांकडावरचा निसरडा थर चाकूनें खरवडून टाकावा. तो राहिला तर साल पुन्हां जुळून येते आणि सर्व श्रम फुकट जातात. मग पाण्यांत भिजवून घट्ट पिळलेलें स्फॅग्नम मॉस (रोपवाटिकेंत तें याच नांवानें मिळतें) मूठभर घेऊन जखमेभोंवतीं लपेटावें, वरून पारदर्शक प्लास्टिक गुंडाळावें आणि दोन्ही टोकें सुतळीनें आवळावीं.

यांत घडतें तें असें. मुळांकडून वर जाणारें पाणी लांकडांतून जातें. तें चालूच राहतें. पानांनीं तयार केलेलें अन्न सालींतून खालीं उतरतें. तें कड्यापाशीं अडतें, आणि ऑक्सिनहि तेथेंच सांचतें. अन्न आहे, ओल आहे, मग फांदी तेथें मुळें टाकते. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून तीं नुसत्या डोळ्यांना दिसतात. एक-दोन दिसलीं म्हणून घाई करूं नये. गोळा मुळांनीं भरल्यावरच त्याच्या खालून फांदी कापावी. नंतर प्लास्टिक सोडावें, मॉस तसेंच राहूं द्यावें, आणि गोळ्यापेक्षां थोड्याच मोठ्या कुंडींत रोप लावून दोन-तीन आठवडे उन्हापासून दूर ठेवावें. लहान मुळांना मोठी कुंडी म्हणजे ओल्या मातींत कुजण्याची सोयच. कुंडीच्या भोंकावर खापरीचा तुकडा ठेवण्यास विसरूं नये.

उरलेल्या बुंध्यावर पान नसेल. तरी तो खिडकीजवळ उजेडांत ठेवावा व पाणी निम्म्यानें कमी करावें, कारण पाणी उडवून लावणारीं पानेंच आतां नाहींत. कांहीं आठवड्यांत कापाखालचे डोळे लालसर टोंकांनीं फुगूं लागतील. त्याची कुंडी बदलावयाची असली तर ती येत्या फाल्गुनांत बदलावी. एकाच वेळीं डोकें व पाय दोन्ही कापूं नयेत.

थोरल्या जाऊबाईंचें म्हणणें भाबडें म्हणून उडवून लावण्यासारखें नाहीं. पण त्यांना एक गोष्ट अवश्य सांगावी. बीपासून झालेलें रोप हें झाडाचें अपत्य. गुटीचें रोप अपत्य नव्हे, तें तेंच झाड. म्हणून तर ज्या डाळिंबाची गुटी बांधली त्याच चवीचें फळ पुढें मिळतें. वड-उंबराप्रमाणें रबराच्या झाडाच्या फळांतहि चिलटाएवढ्या एका विशिष्ट कीटकावांचून बी धरत नाहीं, आणि तो कीटक सर्वत्र नसतो. म्हणून हीं झाडें कलमांनींच वाढवीत आणलीं आहेत. सासूबाईंनीं चौकांत लावलें तेंहि बहुधा कोणाच्या तरी झाडाची कापून आणलेली फांदीच असेल. तेव्हां भाद्रपदांत तिन्ही घरीं जें झाड असेल तें त्यांच्या हातचेंच असेल. कोणतें रोप कोणी न्यावें हा वाद मात्र आम्हांस सोडवितां येणार नाहीं. आमचें मत विचाराल तर बुंधा थोरल्या घरींच राहूं द्यावा. नव्या फुटीची वाट पाहण्याचा धीर ज्यांना झाडाचा लळा अधिक त्यांनाच असतो.

इतर झाडांविषयीं थोडक्यांत. मनीप्लँटला आपोआप फांद्या फारशा फुटत नाहींत. तो वेल होऊन लांबतो आणि बुडाशीं उघडा पडतो. लांब वेल बुडापासून दोन-तीन पेरांवर कापावे, कापलेल्या भागाचे एकेका पेराचे तुकडे पाण्यांत ठेवावे, आणि मुळें आल्यावर ते त्याच कुंडींत पुन्हां लावावे. पेर नसलेलें नुसतें पान कितीहि दिवस हिरवें राहिलें तरी त्यापासून नवा वेल होत नाहीं. (चोरून आणलेलाच मनीप्लँट लाभतो, अशी समजूत आहे, शेजारणीनें एका पेराच्या तुकड्याला मागितल्यावर नाहीं म्हणावें इतकें त्याचें मोल नाहीं.) क्रोटनची छाटणी फाल्गुनांत करावी; त्याला उजेड कमी पडला कीं रंग जाऊन पानें हिरवीं होतात, आणि मग खताचा कांहीं उपयोग होत नाहीं. अरेका पामच्या शेंड्याला मात्र कधींहि कात्री लावूं नये. माड-सुपारीचा शेंडा कोणी मारतें काय? पामच्या प्रत्येक खोडाला वाढीचें टोंक एकच. तें गेलें कीं तें खोड संपलें.

ज्या घरांत रांगतीं मुलें आहेत त्यांनीं डायफेनबेकियाविषयीं सावध असावें. रुंद, पांढऱ्या ठिपक्यांचीं पानें असलेलें हें देखणें झाड आणि मनीप्लँट, दोन्ही आपल्या आळूच्या कुळांतलीं. आळू चिरतांना हाताला खाज येते व भाजींत चिंच घालावी लागते, त्याचें कारण पानांतील सुईसारखे बारीक स्फटिक. तेच या झाडांत असतात, आणि डायफेनबेकियांत त्यांचा त्रास फार होतो. मुलानें पान चावलें तर तोंडाची आग होते, लाळ गळते, जीभ व घसा सुजतो. तोंड ओल्या फडक्यानें पुसावें, थंड पाणी किंवा दूध घोट-घोट द्यावें, वांती करवूं नये, आणि डॉक्टरांकडे न्यावें; श्वासाला त्रास होत असेल तर एक क्षणहि न दवडतां रुग्णालय गांठावें. हें झाड छाटतांना हातमोजे घालावे, चीक डोळ्यांत उडाला तर भरपूर पाण्यानें धुवावा, आणि कापलेले तुकडे मुलांच्या हातीं लागतील असे टाकूं नयेत. आमचें स्पष्ट मत असें कीं, मूल पांच वर्षांचें होईपर्यंत हें झाड घरांतून हलवावें. उंच फळीवर ठेवून भागत नाहीं. पानें खालीं गळतातच.

पाण्याविषयीं एकच तक्रार सर्व पत्रांत दिसते, आणि ती मोठ्या कुटुंबांत अधिक. आजोबा पूजेचें पाणी झाडाला घालतात, सूनबाई सकाळीं केर काढतांना घालतात, संध्याकाळीं शाळेंतून आलेलें मूल आपली उरलेली बाटली रिकामी करतें. घरांत माणसें पुष्कळ, म्हणून झाडाला पाणी पुष्कळ. पानें पिवळीं पडलीं कीं तिघेहि आणखी घालतात. हें काम एकाच व्यक्तीकडे द्यावें, आणि तिनें बोट दोन पेरें मातींत खुपसून पाहावें; ओल लागली तर त्या दिवशीं पाणी नाहीं. तिच्याकडेच आठवड्यांतून एकदां कुंडी पाव फेरा वळविण्याचें व ओल्या मऊ फडक्यानें पानें पुसण्याचें काम असावें. पानांच्या खालची बाजू पुसावयाचीच. उन्हाळ्यांत लाल कोळी व पिठ्या ढेकूण तेथेंच आधीं बसतात. पिठ्या ढेकूण दिसला तर कापूस स्पिरिटांत बुडवून त्यानें एकेक टिपून काढावा, आणि दर आठ दिवसांनीं पुन्हां पाहावें.