ऑनलाइन शिक्षणातही प्रत्येकाची चूल वेगळी कशाला?

मंडळी, आज जरा स्पष्टच लिहितो. कोणाला झोंबलं तर झोंबू दे.

मनोरीतली बहुतेक पोरं डिग्रीसाठी खाडी ओलांडतात. मार्वेची फेरीबोट, मग बस, मग मालाड, कांदिवली नाहीतर बोरिवली. बोट चुकली की पहिलं लेक्चर गेलंच. रस्त्याने जायचं तर गोराई, उत्तन करत भाईंदरचा वळसा. ऑनलाइन शिक्षणाची खरी गरज कुणाला असेल तर ती या पोरांना.

आणि आपली कॉलेजं काय करतात? ज्याचं त्याचं वेगळं ॲप, वेगळा पासवर्ड, वेगळं कंत्राट. विद्यापीठ एक, अभ्यासक्रम तोच. तरी एका कॉलेजातल्या चांगल्या प्राध्यापकाचं रेकॉर्ड केलेलं लेक्चर दोन स्टेशनं पुढच्या पोराला दिसत नाही. का? तर म्हणे ‘आमच्या’ विद्यार्थ्यांसाठी आहे! अहो, अनुदानित कॉलेजांत पगार सरकारी तिजोरीतून होतो. मग ज्ञानाला कुलूप कसलं?

पैसे नाहीत, हे कारण मला सांगू नका. मूडल ही प्रणाली 2002पासून फुकट आहे, जगभरची विद्यापीठं वापरतात. पाच-सहा कॉलेजांनी मिळून एक सर्व्हर आणि तो सांभाळायला एक जाणकार माणूस ठेवला तर खर्च वाटला जातो. पवईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतसुद्धा आहेत. एन-लिस्टवर देशभरातली कॉलेजं एकच ई-ग्रंथालय वापरतात. म्हणजे वाटून घेणं जमतं. इच्छा लागते.

नियमही आड येत नाहीत. केंद्राचं ‘स्वयम्’ 2017ला सुरू झालं. 2021च्या यूजीसी नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय त्यावरून करता येतात. क्रेडिट जमा करायला अकॅडमिक बँकही आहे. नव्या धोरणात ‘ओपन इलेक्टिव्ह’चा गाजावाजा आहे, पण कॉलेजात तो विषय शिकवायला माणूसच नसेल तर निवड कसली? शेजारच्या कॉलेजचा वर्ग ऑनलाइन खुला झाला तर ती निवड खरी होईल.

प्राध्यापकांची भीती मात्र मला रास्त वाटते. एकाचं लेक्चर दहा ठिकाणी दाखवायचं आणि नऊ जागा रिकाम्या ठेवायच्या, हा डाव कोणीही खेळू शकतो. म्हणून करारातच लिहा: रेकॉर्डिंगमुळे एकही पद कमी होणार नाही, आणि ज्याचं लेक्चर त्याला मानधन. शंका सोडवायला समोर माणूस हवाच. व्हिडिओ काही पोराचा पडलेला चेहरा बघत नाही.

मनोरीत समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प पालिकेने आखलाय. ते पाणी काय एकट्या मनोरीने प्यायचंय? शहरासाठीच ना? मग कॉलेजांनी आपल्या विहिरींवर झाकणं का ठेवायची?

माजी विद्यार्थ्यांनो, आपापल्या प्राचार्यांना लेखी विचारा: ॲपवर वर्षाला किती खर्च होतो, आणि शेजारच्या कॉलेजशी कधी बोललात का? उत्तर आलं की इथे कमेंटमध्ये टाका. मी पाठपुरावा करतो.