कुरणातले झाड कोणासाठी?

म्हैसूरच्या पश्चिमेला, कोडगूच्या कॉफीमळ्यांत झाड लावणारा माणूस त्या झाडाच्या उंचीपेक्षा त्याच्या सावलीचा विचार आधी करतो. पांगारा लावायचा तो फांदी रोवली तरी लवकर फुटतो म्हणून, मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देतो म्हणून, आणि वेळेवर छाटला की खालच्या कॉफीला हवा तेवढाच उजेड पोहोचतो म्हणून. उंबर, फणस, शिसवी यांपैकी प्रत्येकाची सावली निराळी, आणि मळेवाल्याला तो फरक ठाऊक असतो. गेल्या काही दशकांत तिथे ऑस्ट्रेलियातून आलेला सिल्व्हर ओक पसरला. तो सरळ वाढतो, त्यावर मिरीचा वेल चढवता येतो आणि देशी झाडांसारखे तोडणीच्या परवान्यांचे झंझट त्याच्यामागे नसते. या बदलावर वाद आहे. देशी सावली गेल्याने पाखरे आणि जमिनीचा कस यांचे काय होते, हे संशोधक विचारत राहतात. पण असा वाद होऊ शकतो, कारण सावलीखालच्या पिकाला मालक आहे. झाड चुकीचे निघाले तर त्याची झळ कोणाच्या तरी वहीत दिसते. फळबागेतही तेच. नंजनगूडची रसबाळे ही भौगोलिक मानांकन मिळालेली केळी पनामा मर रोगाने पार आकसली, तेव्हा रोपे कोणती घ्यावीत, कोणत्या मातीत लावावीत याची चर्चा बागाईतदारांनीच लावून धरली.

गावाच्या कुरणात झाड लावताना मात्र त्याच्याखाली काय उगवेल, हा प्रश्न कोणी विचारत नाही. किती खड्डे खणले आणि किती रोपे जगली, एवढेच मोजले जाते. माझे म्हणणे असे की मळेवाल्याची कसोटीच सार्वजनिक कुरणालाही लावली पाहिजे. ज्या झाडाखाली गवत टिकत नाही आणि ज्याचा पाला-शेंगा जनावर खात नाही, ते झाड एरवी कितीही गुणी असले तरी कुरणात नको.

याचा सर्वांत मोठा दाखला म्हैसूर संस्थानातच आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात चिक्कदेवराज वडियार यांनी राजवाड्याच्या गुरांसाठी राज्यभर राखीव कुरणे, म्हणजे कावले, ठरवून दिली. पुढे हैदर आणि टिपूने त्या गुरांचे रूपांतर लष्करी बैलांच्या खात्यात केले आणि टिपूने त्या खात्याला अमृतमहल हे नाव दिले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर हे बैल इंग्रजांच्या हाती गेले. इंग्रज सेनापती वेलस्लीने १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत तोफा आणि रसद ओढायला म्हैसूरचेच बैल वापरले. आपल्या माणदेशातील खिल्लारही याच म्हैसुरी वळणाच्या गुरांत गणले जाते. या बैलांमागे वंशनिवडीइतकीच गवताची व्यवस्था होती. कावलांची विभागणी पावसाळी, हिवाळी आणि उन्हाळी अशी होती. तळ्याच्या ओलीत गवत टिकते आणि झाडांची विरळ सावली असते, ती जागा उन्हाळ्याला. कळप हलत राहायचा, मागच्या कुरणाला बी धरायला उसंत मिळायची. एके काळी अशी दोनशेहून अधिक कावले होती आणि त्यांचे एकूण क्षेत्र चार लाख एकरांच्या आसपास होते. आज त्याचा लहानसा हिस्सा उरला आहे. काही शेतीखाली गेले, काही वनखात्याच्या लागवडीखाली, आणि चित्रदुर्ग जिल्ह्यात चल्लकेरेजवळची सुमारे दहा हजार एकर जमीन संरक्षण, अणुऊर्जा आणि विज्ञान संस्थांना देण्यात आली. कागदोपत्री ती मोकळी जागा होती. तिथे मेंढ्या चारणाऱ्या गावांना ती मोकळी वाटत नव्हती.

लागवडीची गोष्ट अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण ती चांगल्या हेतूने झाली. देशभर लावलेल्या निलगिरीच्या एका प्रमुख वाणाला ‘म्हैसूर गम’ म्हणतात. त्याचे मूळ नंदी टेकडीवर, टिपूच्या काळात १७९० च्या सुमारास लावल्याचे सांगितले जाते त्या झाडांत आहे. हे झाड झपाट्याने वाढते आणि गुरे त्याला तोंड लावत नाहीत. म्हणून कुंपणाचा खर्च वाचतो, आणि म्हणूनच ते खात्यांना आवडले. हाच गुण कुरणात दोष ठरतो. राणेबेन्नूरच्या माळावर निलगिरीची लागवड झाली. १९७४ मध्ये तिथे काळविटांसाठी अभयारण्य जाहीर झाले, पण उघड्या गवतावर जगणारा माळढोक तिथून नाहीसा झाला. आपल्याकडे निलगिरीची जागा गिरिपुष्पाने घेतली. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात आणि पुण्याच्या टेकड्यांवर तो लावला गेला, तो याच कारणाने. फळबागेच्या बांधावर हिरवळीचे खत म्हणून गिरिपुष्प उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती बांधावरचे झाड माळावर नेण्याबद्दल. शोभेची झाडेही अशीच निसटतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बागेची शोभा आणि कुंपण म्हणून भारतात आणलेली घाणेरी आज बंडीपूरच्या जंगलात गवताच्या जागी माजली आहे, आणि पिवळ्या फुलांसाठी व सावलीसाठी लावलेला अमेरिकेतला सेन्ना तिच्या पाठोपाठ बंडीपूर-नागरहोळेत शिरला आहे. तिथे गवत गेले की हरणांचे, गव्यांचे आणि हत्तींचे खाद्य जाते.

यावर पहिला आक्षेप हवामानाचा येतो. जग तापत असताना झाडांना नको म्हणणे म्हणजे अविचार, असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांची कळकळ खरी आहे. पण कोरड्या माळरानात कार्बनचा मोठा साठा जमिनीखाली, गवताच्या मुळांत आणि मातीत असतो. नांगर किंवा यंत्राने खड्डे-चर खणून तो हलवायचा आणि वर निम्मी जळून जाणारी रोपे लावायची, यात कमाई कमी आणि मोड जास्त. पी. एम. दबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये भारताच्या गवताच्या आच्छादनाचा नकाशा मांडला. त्यात दख्खनचा बहुतेक भाग शेडा आणि मारवेल या गवतांच्या पट्ट्यात येतो. हे गवत उजाड जंगलाचे अवशेष आहे की या भूमीचे मूळ रूप, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण गुरे, मेंढ्या, लांडगा आणि माळढोक त्यावर पिढ्यानपिढ्या जगत आले, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. कुरणे आधीच चरून चरून संपली आहेत, मारवेल जाऊन तिथे कुसळी उरली आहे, मग राखायचे काय? शिवाय कावले राजाची होती आणि रयतेला तिथे मज्जाव होता, मग त्यांचे कौतुक कशाला? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. राजाची मालकी परत आणावी असे मी म्हणत नाही. हंगामाप्रमाणे कुरण फिरवायची रीत मात्र ग्रामसभेला उचलता येते. तमिळनाडूत कांगेयमच्या आसपास शेतकरी स्वतःच्या मालकीचे ‘कोरंगाडू’ कुरण सांभाळतात. काटेरी जिवंत कुंपणाने पाडलेले वाफे, त्यात अंजन गवत, मधूनमधून हिवर. हिवराची सावली विरळ आणि शेंगा गुरांना प्रिय, त्यामुळे झाडाखाली गवतही राहते. झाडे त्या कुरणात आहेतच, ती पारखून घेतलेली आहेत एवढाच फरक. संपलेले कुरण एक-दोन पावसाळे बंद ठेवून, मारवेल-शेड्याचे बी किंवा ठोंब लावून आणि काढणी बी पडल्यावर करून सावरता येते. झाशीच्या भारतीय चारा संशोधन संस्थेचे काम १९६२ पासून याच विषयावर चालू आहे आणि तिचे दक्षिणेतले केंद्र धारवाडला, म्हणजे आपल्या दाराशी आहे. सरपण आणि लाकूड गावाला लागतेच. त्यासाठी खासगी बांध, पडकी शेते, रस्त्याच्या कडा आहेत.

महाराष्ट्राने २०१९ मध्ये एका पावसाळ्यात ३३ कोटी झाडांचे उद्दिष्ट ठेवले होते. असे आकडे पुन्हा येतील, आणि त्यांच्यासाठी जागा शोधताना नजर पुन्हा गायरानाकडेच वळेल, कारण तिथे विरोध करणारा सातबाराचा मालक नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवायला सांगितले, आणि २००६ चा वनहक्क कायदा चराईचा सामूहिक हक्क मान्य करतो. पण चुकीच्या लागवडीला अतिक्रमण म्हणायची सोय कुठल्याच कायद्यात नाही. म्हणून मे महिन्यातल्या ग्रामसभेत, रोपांची गाडी गावात येण्याआधी, गायरानावर कोणती झाडे आणि कोणती गवते लावायची याची यादी मेंढपाळ आणि गुराखी यांना सोबत बसवून ठरवा, तिचा ठराव लेखी करा आणि वनखात्याला पाठवा.