तालीम सुटली, खुराक राहिला

उर्दूच्या तासाला ‘तालीम म्हणजे शिक्षण’ असे आम्ही फळ्यावर लिहिले की आमची कोल्हापूरची पोरं गालातल्या गालात हसतात. त्यांच्या लेखी तालीम म्हणजे लाल माती, लंगोट आणि पहाटेचे जोर-बैठका. आमचे मामू या दुसऱ्या तालमीत अठरा वर्षे घडले, खासबागेत लढले.

गेल्या महिन्यात त्यांना बळेच दवाखान्यात नेले. “पहिलवानाला कसलं बीपी, बेटा?” रक्तदाब मोजायचा पट्टा त्यांच्या दंडाला पुरेना. ओढूनताणून बसवला, आकडा आला १७८/१०८. डॉक्टरांनी मोठा पट्टा मागवला. भरदार दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा फुगतो, हे आम्हाला त्या दिवशी कळले. मामूंना आशा वाटली. मोठ्या पट्ट्यावर १६२/१०० आला आणि पुढच्या दोन खेपांनाही फारसा उतरला नाही.

अठरा वर्षांची मेहनत मग गेली कुठे? ती खोटी नव्हती. वर्षानुवर्षे जोर-बैठका मारणाऱ्याचे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलते, म्हणून बसल्या जागी नाडी साठाच्या खालीही येते. रक्तवाहिन्या लवचिक राहतात. पण कुस्तीची आणखी एक बाजू आहे. पकड आवळून धरताना श्वास कोंडला जातो आणि तेवढ्यापुरता रक्तदाब भयंकर चढतो. पायांनी जड वजन रेटणाऱ्या तगड्या तरुणांच्या धमनीत नळी घालून १९८५ मध्ये मोजले, तेव्हा सरासरी ३२०/२५० भरला! १९७५ मध्ये अमेरिकेत मॉर्गनरॉथ आणि सहकाऱ्यांनी खेळाडूंची हृदये तपासली. धावणाऱ्या-पोहणाऱ्यांच्या हृदयाचा डावा कप्पा मोठा झालेला दिसला. कुस्तीगीर आणि गोळाफेक करणाऱ्यांचा कप्पा नेहमीएवढाच, भिंत मात्र जाड. पुढच्या अभ्यासांत हा फरक इतका ठळक राहिला नाही. आम्हाला त्याचे नवल वाटत नाही. आपला पहिलवान नुसती पकड धरत नाही, तो पळतो, माती उकरतो, शेकड्यांनी बैठका मारतो.

मात्र ही कमाई साठवून ठेवता येत नाही. मेहनत थांबली की दमसास काही आठवड्यांतच उतरू लागतो. मामूंची तालीम गुडघ्यामुळे चाळिशीत सुटली. सुटला नाही तो खुराक. तूप, बदामाची थंडाई, मटणाचा रस्सा, सगळे पूर्वीच्याच मापाने. मुमानी वाढत राहिल्या, कारण पहिलवानाच्या ताटात कमी वाढणे म्हणजे त्याचा अपमान! पोट सुटले, त्याला घरात सगळे ‘अंग भरलं’ म्हणत राहिले. आम्हीही म्हणत होतो.

ज्यांच्या घरी असे जुने पहिलवान आहेत, त्यांनी पट्ट्याची गोष्ट लक्षात ठेवावी आणि डॉक्टरांकडे मोठा पट्टा मागावा. जुन्या सवयीने एकदम शंभर बैठकांना हात घालू देऊ नये. आधी चालणे, मग डॉक्टरांना विचारून हलके जोर, तेही श्वास न कोंडता.

मामू आता फजरनंतर रंकाळ्यावर चालतात. गोळी घेतात, कुरकुरत. थंडाईचा मोठा पितळी पेला मुमानींनी माळ्यावर टाकला. परवा तो खाली स्वयंपाकघरात दिसला. विचारले तर म्हणाल्या, “पाणी पितात त्यातनं.” आम्ही वास घेऊन पाहिला. पाणीच होते.